केळी एकदम का पिकतात, आणि ती चार दिवस जास्त कशी टिकवायची

मैत्रिणींनो, आपला जळगाव जिल्हा केळीचा. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या भागातली केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत जाते, खोक्यात भरून आखाती देशांतही जाते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं सगळं असून आपल्या पिंप्राळ्यातल्या घराघरात केळीची गोष्ट एकच. शेताकडून कोणी पाहुण्याने दोन फण्या आणून दिल्या की पाच दिवस त्या हिरव्यागार बसून राहतात, खायला एकही मिळत नाही. सहाव्या दिवशी सगळ्या एकदम पिकतात. मग सकाळी शिकरण, संध्याकाळी शिकरण, शेजारी वाटा, आणि उरलेली काळी पडून गाईला.

घरातली दोन डझन वाया गेली तर आपण हळहळतो आणि विसरतो. पण गटातून कर्ज घेऊन हातगाडीवर किंवा पाटीत केळी विकणाऱ्या तायांचं तसं नाही. हिशोब करून बघा. समजा एका ताईने २० डझन केळी ३० रुपये डझनाने घेतली. भांडवल ६०० रुपये. विकायची ४० रुपयांनी. सगळी गेली तर हातात ८०० येतात, म्हणजे २०० सुटले. आता यातली फक्त पाच डझन काळी पडली असं धरा. १५ डझनाचे ४० प्रमाणे ६०० रुपये आले. म्हणजे पहाटे उठून माल आणला, दिवसभर उन्हात उभं राहिलं, आणि घरी आणलं काय? जेवढे नेले तेवढेच. गटाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरायचाच आहे. भाव रोज वरखाली होतात, हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, पण खरेदी आणि विक्रीच्या भावाचं प्रमाण असंच असेल तर चार हिश्शातला एक हिस्सा वाया गेला की नफा संपतो. म्हणून केळी दोन-तीन दिवस जास्त टिकवणं ही लहान गोष्ट नाही.

आधी केळी पिकते कशी ते बघू, म्हणजे पुढचे उपाय लक्षात ठेवायला सोपे जातील.

केळी झाडावरून कापली तरी ती जिवंत असते, श्वास घेते. हिरव्या केळीत पिठूळ भाग भरपूर असतो. पिकताना त्या पिठाची साखर होते, म्हणून कच्ची केळी चवीला तुरट-पिठूळ आणि पिकलेली गोड. हे सगळं सुरू करणारी एक हवा आहे, तिचं नाव इथिलीन. ही हवा केळी स्वतःच तयार करते. दिसत नाही, आपल्याला तिचा वासही जाणवत नाही. पण दहा लाख भाग हवेत एखादा भाग इथिलीन असलं तरी केळीला तेवढं पुरतं. एक केळ पिकायला लागलं की ते ही हवा सोडतं, त्याने शेजारचं पिकतं, ते आणखी हवा सोडतं. म्हणूनच फणी एकएक करून पिकत नाही, सगळी मिळून पिकते. आणि पिकताना केळी तापते सुद्धा. ढीग करून ठेवलेल्या केळीच्या मधोमध हात घालून बघा, आत ऊब लागेल. त्या उबेने पिकणं आणखी जोरात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर आहे. आपल्याकडे केळी दोन प्रकारे घरात येते. एक, थेट शेतातून आलेली हिरवी. दुसरी, बाजारातली. बाजारातली केळी वखारीत किंवा रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन पिकवलेली असते. तिथे साधारण १६ ते १८ अंशांवर बंद खोलीत दिवसभर ही हवा सोडतात, मग तीन-चार दिवसांत एकसारखा पिवळा रंग येतो. अशी केळी तुम्ही हिरवट-पिवळी घेतली तरी तिचं घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं. ते थांबवता येत नाही, फक्त हळू करता येतं. शेतातल्या हिरव्या केळीचं घड्याळ मात्र अजून सुरू व्हायचं असतं. तिला थंड जागा द्या आणि पिकल्या फळांपासून लांब ठेवा, ती बरेच दिवस हिरवीच राहील. दोन्ही एका टोपलीत ठेवली तर बाजारातली केळी शेतातल्या केळीचंही घड्याळ सुरू करते. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने होतं, असं माझं मत आहे. आणलेलं सगळं एका परडीत ओतायचं, वर आंबे, टोमॅटो, पपई. आंबा, पपई, सफरचंद, टोमॅटो ही सगळी पिकताना तीच हवा सोडतात. केळीची जागा वेगळी असावी.

धुराचंही तसंच. जुन्या काळी वखारीत बंद खोलीत धूर करून केळी पिकवत. धुरात इथिलीन असतं आणि वर ऊबही मिळते, म्हणून ते जमायचं. आता तुम्हीच बघा, आपण केळीची फणी ठेवतो कुठे? चुलीच्या वरच्या फळीवर, नाहीतर देवघरात नैवेद्याची म्हणून अगरबत्तीच्या शेजारी. म्हणजे घरातल्या घरात छोटी वखारच झाली. नैवेद्यापुरती दोन केळी देवापुढे ठेवा, बाकीची दुसऱ्या खोलीत.

आपल्या उन्हाचं काय करायचं

पुस्तकात लिहिलेलं असतं की केळी १३ ते १४ अंशांवर ठेवावी. परदेशी जाणारी केळी थंड कंटेनरमध्ये याच तापमानाला ठेवतात, म्हणून ती समुद्रातून आठवडे-आठवडे हिरवी जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. १३ अंश आपल्याला मिळणार नाहीत. पण ४० च्या जागी ३० मिळाले तरी फरक मोठा पडतो, हे ध्यानात ठेवा.

उन्हाळ्यात आपल्या भागात आणखी एक फसवणूक होते. ग्रँड नैन जातीची केळी, आपण जिला जी-नाईन म्हणतो, ती फार उष्णतेत पिकली तर आतून मऊ होते पण सालीचा हिरवा रंग जातच नाही. साल पिवळी व्हायला थोडा गारवा लागतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये शेतातून आणलेली केळी "अजून हिरवी आहे, राहू दे" म्हणून तुम्ही ठेवून देता आणि सोलल्यावर आत लगदा निघतो. उन्हाळ्यात रंगावर जाऊ नका, बोटाने हलकं दाबून बघा. देठाजवळ थोडं नरम लागलं की खायला काढा.

मग घरात ठेवायची कुठे? जुनं धाब्याचं मातीचं घर असेल तर प्रश्नच नाही, त्याच्या आतल्या अंधाऱ्या खोलीसारखी जागा नाही. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात सगळ्यात गार जागा जमिनीलगत असते, वर फळीवर नव्हे. उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची खोली, फरशीवर गोणपाट, त्यावर एकेरी थर. माठाजवळचा कोपरा चांगला. फ्रिजच्या डोक्यावर केळी ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्या आसपास जागा गरम राहते.

हिवाळ्यात उलटं आहे. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १० च्या खाली उतरतो. केळीला १३ अंशांखालची थंडी सोसत नाही. ओट्यावर उघडी ठेवलेली हिरवी केळी राखाडी-काळपट पडते, आणि नंतर नीट पिकतही नाही, गोडी येत नाही. लोक समजतात की केळी सडली. ती सडलेली नसते, तिला थंडी लागलेली असते. त्या दिवसांत रात्री टोपली घरात घ्या, वर गोणपाट टाका.

फ्रिजचं उत्तरही यातच आहे. हिरवी केळी फ्रिजमध्ये ठेवू नये, ती कायमची बिघडते. पूर्ण पिकलेली केळी मात्र ठेवता येते. साल काळी पडेल, घरचे नाक मुरडतील, पण आतला गर तीन-चार दिवस चांगला राहतो. कागदात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवा. विकायच्या केळीला हा उपाय चालत नाही, काळी साल कोणी घेणार नाही.

देठाला प्लॅस्टिक गुंडाळलं की केळी टिकते, असे व्हिडिओ मोबाइलवर बरेच फिरतात. करून बघायला हरकत नाही, पण फार आशा धरू नका. ती हवा नुसत्या देठातून नाही, सगळ्या फळातून निघते. त्यापेक्षा फणी दोरीने टांगून ठेवलेली बरी. जमिनीवर किंवा टोपलीत एकावर एक केळी ठेवली की खालच्यांना मार बसतो, आणि मार लागलेलं, खरचटलेलं केळ जास्त हवा सोडतं व लवकर पिकतं. सुतळी बांधून खुंटीला अडकवा, भिंतीला टेकू देऊ नका. अख्खा घड आला असेल तर तो सावलीत टांगा आणि वरच्या, म्हणजे दांड्याकडच्या फण्या आधी काढा. त्या आधी भरलेल्या असतात, आधीच पिकतात. केळं सुटं करायचं असेल तर ओढून तोडू नका, देठाची साल फाटते. सुरीने देठासकट कापा. फणीत एखादं फुटलेलं, दबलेलं केळं दिसलं तर ते आजच काढून खाऊन टाका, बाकीच्यांसोबत ठेवू नका.

प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तर केळी अजिबात ठेवू नये. हवा आत कोंडते, घाम सुटतो, देठाला बुरशी धरते. निर्यातीच्या खोक्यात केळीला पातळ प्लॅस्टिक असतं खरं, पण ती केळी हिरवी असते आणि सतत थंडीत असते. आपल्या ४० अंशांत त्याची नक्कल करू नये.

दोन माठांचा उपाय

फ्रिज नसलेल्या घरासाठी आणि विक्री करणाऱ्या तायांसाठी हा उपाय मला सगळ्यात कामाचा वाटतो. एक मोठा माठ घ्यायचा, आतून-बाहेरून झिलई नसलेला. त्यात मावेल असा दुसरा लहान माठ ठेवायचा. दोन्हींच्या मधे, तळाला आणि चारी बाजूंनी, दोन-तीन बोटं वाळू भरायची. वाळूत सकाळ-संध्याकाळ पाणी ओतायचं, ती ओली राहिली पाहिजे, तुडुंब नाही. आतल्या माठात केळी ठेवून वर ओलं सुती फडकं टाकायचं. पाणी बाहेरच्या माठातून पाझरून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, जसं आपलं पिण्याचं पाणी गार होतं तसंच. आफ्रिकेत नायजेरिया देशात मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकाने १९९० च्या दशकात हेच माठ खेडोपाडी पोचवले. तिथल्या मुलींना भाजी खराब व्हायच्या आत विकायची म्हणून रोज बाजारात जावं लागे आणि शाळा बुडे. माठात वांगी तीन दिवसांच्या जागी तीन आठवड्यांहून जास्त टिकल्याची नोंद आहे. (भरिताच्या वांग्यांसाठी आपल्यालाही हा माठ उपयोगी पडेल, पण तो विषय वेगळा.)

केळीसाठी यात तीन गोष्टी सांभाळा. माठावर घट्ट झाकण नको, नाहीतर इथिलीन आतच कोंडेल. दिवसातून दोनदा फडकं काढून वारा द्या. केळीवर पाणी पडू देऊ नका, आतल्या माठाच्या तळाला कोरडं गवत किंवा कागद घाला. आणि पिकलेलं केळं दिसलं की लगेच बाहेर काढा. माठ सावलीत पण वाऱ्याच्या जागी हवा. बंद खोलीत तो गार होत नाही.

जास्त माल असेल तर याचंच मोठं रूप आहे, शून्य ऊर्जा शीतकक्ष. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे पुसा संस्थेने तो बनवला. विटांचा थर जमिनीवर, त्यावर विटांच्या दुहेरी भिंती, दोन भिंतींमध्ये तीन इंचांची फट, फटीत वाळू. वर बांबू आणि वाळ्याचं किंवा गवताचं झाकण, आणि सगळ्यावर सावलीचं छप्पर. वाळू दिवसातून दोन वेळा भिजवायची. वीज लागत नाही. बाहेर कडक कोरडं ऊन असेल तेव्हा आत १० ते १५ अंशांनी गार राहतं. आपल्या खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. साधारण पाच फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच बांधला तर बऱ्यापैकी कॅरेट मावतात. तीन-चार विक्री करणाऱ्या ताया ज्या गटात आहेत, त्यांनी एकत्र बांधावा असं मला वाटतं. एकट्या बाईला जागा आणि पाणी दोन्ही जड जातं. नळाला रोज पाणी येत नसेल तर भांडी धुतलेलं पाणी वापरू नका, वास मारतो. हात-पाय धुतलेलं बिनसाबणाचं पाणी चालेल. आणि पावसाळ्यात माठ काय, शीतकक्ष काय, दोन्हींकडून फार अपेक्षा नको. हवाच ओली असते, पाणी उडत नाही, गारवा येत नाही.

एकादशीची खरेदी

नेमका हाच पावसाळ्यातला पेच आषाढीला पडतो. आपल्या पिंप्राळ्याचा रथ आषाढी एकादशीला, घरोघरी उपास, त्यामुळे केळीला मागणी एकाच दिवशी. द्वादशीला तीच केळी कोणी विचारत नाही. म्हणून विकणाऱ्या तायांनी सगळा माल एका रंगाचा उचलू नये. वखारीतून घेताना निम्मा पूर्ण पिवळा, निम्मा हिरवट-पिवळा मागा. पहिला एकादशीला जाईल, दुसरा पुढचे दोन-तीन दिवस चालेल. घरासाठी घेताना सुद्धा एक डझन घ्यायचं तर सहा आजची, सहा परवाची असं सांगा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

शेतातून हिरवी केळी मिळत असेल तर त्याहून चांगला डाव खेळता येतो. केळी बघून घ्या. ज्या केळ्याच्या अंगावर कंगोरे स्पष्ट दिसतात ते अजून पूर्ण भरलेलं नाही, ते जास्त दिवस हिरवं राहतं. जे गोल गुटगुटीत झालंय ते लवकर पिकतं. कंगोऱ्यांची केळी गार जागी वेगळी ठेवा. लागतील तशी दोन डझन काढून झाकणाच्या डब्यात किंवा धान्याच्या रिकाम्या कोठीत एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा. एक-दोन दिवसांनी बाहेर काढून वारा द्या, हळूहळू रंग येतो. म्हणजे जी हवा आपला माल बिघडवते तीच इथे आपल्या हाताखाली काम करते.

मात्र पावडरीच्या नादी लागू नका. कार्बाइडची पुडी ठेवून फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिकसारखे विषारी अंश असतात, हाताळणाऱ्या बाईलाही त्रास होतो. इथिलीन वायूला परवानगी आहे, पण तो फळाला पावडर न लागता, बंद खोलीत, ठरलेल्या प्रमाणात द्यायचा असतो, जास्तीत जास्त दहा लाख भागांत १०० भाग. ते चेंबरवाल्यांचं काम.

गाडीवर उभ्या राहणाऱ्यांसाठी थोडं. दोनपेक्षा जास्त थर लावू नका. केळीवर पाणी शिंपडू नका, ताजी दिसते पण देठ सडतो. गारवा हवा तर गाडीच्या छपराच्या कडेने ओलं गोणपाट लोंबतं सोडा, केळीला न लागता. दुपारी बारा ते चार ऊन ज्या बाजूने येतं त्या बाजूला माल ठेवू नका. संध्याकाळी उरलेल्या केळीतून ठिपके पडलेली वेगळी काढून त्याच वेळी भाव उतरवून द्या. तपकिरी ठिपक्यांची केळी खराब नसते, उलट गोडीला सगळ्यात चांगली असते, फक्त तिचा एकच दिवस उरलेला असतो. ३० रुपयांची खरेदी २५ ला गेली तर ५ गेले. सकाळी ती काळी निघाली तर ३० गेले.

इतकं करूनही काही उरेलच. फार पिकलेली केळी कणकेत कुस्करून गूळ घालून गोड पुऱ्या होतात, मुलं डब्यात नेतात. फ्रिजला बर्फाचा कप्पा असेल तर सोलून, डब्यात घालून ठेवा, साल काढल्याशिवाय ठेवू नका, नंतर ती निघत नाही. पिकली केळी वाळवून टिकवायची रीत वसईकडे जुनी आहे, तिथली सुकेळी प्रसिद्ध आहेत, पण ती राजेळी जातीची असतात. आपल्या जी-नाईनचं तसंच होईल असं नाही, आधी अर्ध्या डझनावर करून बघा. वेफर मात्र हिरव्या कच्च्या केळीचेच. पिकायला लागलेल्या केळीत साखर झालेली असते, तळताना ती करपते आणि वेफर तांबडा-कडू निघतो. म्हणून वेफर करणाऱ्या गटांनी आलेला माल त्याच दिवशी दाबून बघावा. नरम लागलेली फणी लगेच खायच्या केळीत टाकावी आणि उरलेली कढई तापायच्या आत सोलून मिठाच्या पाण्यात सोडावी, नाहीतर सोललेली केळी हवेने काळी पडते.